काउंटीचा मॅजिस्ट्रेट: मतपत्रिकेच्या तळाशी असलेले एक नाव

उत्तर अटलांटाकर (धागाकर्ता)

भाड्याचे घर सोडल्यावर अनामत रक्कम परत मिळाली नाही, म्हणून काही वर्षांपूर्वी मी इथे अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या आमच्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) मॅजिस्ट्रेट कोर्टात दावा लावला. रक्कम वकील करण्याइतकी मोठी नव्हती. भिंतीतली खिळ्यांची भोके आणि गालिच्यावरचा एक डाग एवढ्या भांडवलावर घराची व्यवस्था पाहणाऱ्या एजन्सीने सगळे पैसे कापून घेतले होते. न्यायाधीशबाईंनी माझे म्हणणे ऐकून घेतले, मग समोरच्या गृहस्थांकडे वळून, भाडेकरू राहायला येण्यापूर्वी घरातील दोषांची यादी करून त्यावर त्याची सही घेतली होती का, एवढेच विचारले. ते गृहस्थ फायलीतले कागद खालीवर करू लागले तेव्हाच निकाल काय लागणार हे खोलीतल्या सगळ्यांना कळून चुकले. सारे काम पंधरा-वीस मिनिटांचे. बाहेर पडताना भिंतीवर बाईंचे छायाचित्र आणि त्याखाली ‘चीफ मॅजिस्ट्रेट’ अशी पाटी दिसली. ते नाव कुठेतरी वाचल्यासारखे वाटत होते. घरी पोहोचल्यावर आठवले, मतपत्रिकेवर वाचले होते, बरेच खाली, शेरीफ आणि टॅक्स कमिशनर यांच्याही नंतर, आणि तिथे काहीही खूण न करता मी पुढे गेलो होतो.

तेव्हापासून या पदाविषयी जे वाचले, विचारले आणि पाहिले ते इथे मांडतो आहे.

जॉर्जिया राज्यात १५९ काउंट्या आहेत आणि प्रत्येक काउंटीला मॅजिस्ट्रेट कोर्ट आहे. १९८३ च्या राज्यघटनेने जुने ‘जस्टिस ऑफ द पीस’ (जे. पी., म्हणजे गावपातळीचे न्यायाधिकारी) आणि ठिकठिकाणची लहान दाव्यांची न्यायालये मोडीत काढून त्यांच्या जागी हे एकच न्यायालय आणले. १५,००० डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे इथे चालतात. भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे दावे मात्र रकमेची मर्यादा न पाहता इथेच येतात. न वटलेले धनादेश आणि काउंटीच्या स्थानिक नियमांचे भंगही इथे येतात. ज्युरी नसते, वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि हौस असेल तर हेच मॅजिस्ट्रेट तुमचे लग्नही लावून देतात.

हा झाला दिवसा दिसणारा भाग. पोलिसांना अटक करायची असेल किंवा घराची झडती घ्यायची असेल, तर ते वॉरंट मागायला बहुतेक वेळा याच दारात येतात, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. वॉरंटाविना पकडलेल्या माणसाला ४८ तासांच्या आत आणि वॉरंटावर पकडलेल्याला ७२ तासांच्या आत न्यायाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, आणि तिथेही सहसा मॅजिस्ट्रेटच बसलेला असतो. खून, बलात्कार, सशस्त्र दरोडा अशा गुन्ह्यांत जामीन देण्याचा अधिकार वरच्या सुपीरियर कोर्टाकडे आहे. बाकीच्या बहुसंख्य माणसांनी आजची रात्र घरी काढायची की कोठडीत, हे इथे ठरते.

आता पात्रता पाहा. वय किमान २५, काउंटीत किमान एक वर्ष वास्तव्य आणि शालान्त शिक्षण. कायद्याची पदवी राज्यभर सक्तीची नाही. काही काउंट्यांनी आपापल्या स्थानिक कायद्याने ती मागितली आहे, तेवढेच. वकील नसलेला माणूस निवडून आला तर त्याला ८० तासांचे प्रशिक्षण पुरे करावे लागते आणि पुढे दरवर्षी उजळणी. मुदत चार वर्षांची. चीफ मॅजिस्ट्रेट लोकांच्या मतांनी येतो, त्याच्या हाताखालचे मॅजिस्ट्रेट तो स्वतः सुपीरियर कोर्टाच्या न्यायाधीशांच्या संमतीने नेमतो. म्हणजे आपण एका नावावर खूण करतो आणि त्या नावाबरोबर आणखी चार-सहा माणसे, मोठ्या काउंटीत तर कितीतरी अधिक, न्यायासनावर येऊन बसतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की या उमेदवाराची पारख त्याच्या भाषणावरून करू नये, त्याच्या सहीवरून करावी. ही सही कोण, कशासाठी आणि काय वाचून करतो, याबाबत सभासदांनी आपापल्या ठिकाणचा अनुभव सांगावा.

सोलापूरचा वकील

लेख आवडला. एक गोष्ट मात्र पचायला जड जाते. आमच्याकडे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी व्हायचे तर कायद्याची पदवी, लोकसेवा आयोगाची पूर्व आणि मुख्य परीक्षा, वर मुलाखत. आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातल्यामुळे कोर्टाच्या व्हरांड्यात चपला झिजवल्याशिवाय आता ते दार उघडत नाही. १ एप्रिल १९७४ रोजी नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि न्यायदंडाधिकारी व कार्यकारी दंडाधिकारी अशी वाटणी झाली. तेव्हापासून चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई) तहसीलदाराकडे जाते, पण रिमांड आमच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेच. इतके करूनही कधीकधी रिमांडचा अर्ज वाचला गेला की नाही अशी शंका येते. आपण वर्णिलेला अधिकारी तर पक्षाच्या चिन्हावर निवडून येतो. ज्या माणसाने गेल्या महिन्यात दारोदार मते मागितली, त्याच्यापुढे विरोधी पक्षाचा कार्यकर्ता आरोपी म्हणून उभा राहिला तर काय होते?

उत्तर अटलांटाकर

वकीलसाहेब, चिन्ह नसते, पण बहुतेक काउंट्यांत नावापुढे पक्ष असतो हे खरे. उमेदवाराने मार्च महिन्यात अर्ज भरायचा, पदाच्या वार्षिक पगाराच्या ३ टक्के शुल्क भरायचे, मे महिन्यात पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक लढवायची. कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. २०२४ मध्ये ही पहिली फेरी २१ मे रोजी आणि दुसरी १८ जून रोजी झाली. नोव्हेंबरचे मतदान उरते, पण ज्या काउंटीत एकाच पक्षाचे वर्चस्व आहे तिथे मे महिन्यातच सगळे आटोपलेले असते. गंमत अशी की याच राज्यात सुपीरियर कोर्टाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्याही न्यायाधीशांची निवडणूक पक्षविरहित होते. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या न्यायाधीशाला तेवढा पक्ष चिकटलेला. माझ्या खिळ्यांच्या भोकांचा पक्ष कोणता, हे मला अजून उमगलेले नाही.

शार्लटवासी

एक खुलासा करणे आवश्यक आहे, नाहीतर वाचकांचा घोटाळा होईल. ‘मॅजिस्ट्रेट’ हा शब्द राज्याची सीमा ओलांडली की अर्थ बदलतो. आमच्या नॉर्थ कॅरोलिनात मॅजिस्ट्रेट निवडून येत नाही. सुपीरियर कोर्टाचा क्लार्क नावे सुचवतो आणि ज्येष्ठ न्यायाधीश नेमणूक करतात. साउथ कॅरोलिनात राज्यपाल सिनेटच्या संमतीने नेमतात. वेस्ट व्हर्जिनियात निवडणूक होते. केंटकीत तर काउंटीचा मॅजिस्ट्रेट न्यायनिवाडा करतच नाही, तो काउंटीच्या खर्चाच्या मंडळावर बसतो, म्हणजे जवळपास आपला जिल्हा परिषद सदस्य. फेडरल न्यायालयांतले ‘मॅजिस्ट्रेट जज’ आणखी वेगळे: त्यांना तिथलेच जिल्हा न्यायाधीश आठ वर्षांसाठी नेमतात. धाग्यातील चर्चा जॉर्जियापुरती ठेवली तर बरे.

माजी ग्रंथपाल

धागाकर्त्यांनी सहीचा मुद्दा काढला म्हणून लिहितो, कारण या सहीची किंमत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकदा अक्षरशः डॉलरमध्ये मोजली आहे, आणि तो खटला जॉर्जियाचाच होता.

वॉकर काउंटी हा राज्याचा वायव्य कोपरा. १९८३ पूर्वीची गोष्ट असल्यामुळे तिथे अजून जस्टिस ऑफ द पीस होते. त्यांना पगार नव्हता. झडतीचे वॉरंट दिले की ५ डॉलर मिळत आणि नाकारले तर काहीच मिळत नसे. अशा एका वॉरंटावर कॉनली नावाच्या गृहस्थांच्या घराची झडती झाली, गांजा सापडला, शिक्षा झाली. उलटतपासणीत त्या न्यायाधिकाऱ्याने मोकळेपणाने सांगितले की हे पद आपण मुख्यतः पोटापाण्यासाठी धरले आहे आणि आजवर अटकेची व झडतीची मिळून दहा हजारांच्या आसपास वॉरंटे काढली आहेत. मला या माणसाच्या प्रामाणिकपणाचे कौतुकच वाटते. त्याने काही लपवले नाही; राज्याच्या कायद्यानेच त्याला तसा हिशेब आखून दिला होता. १९७७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की ‘हो’ म्हटल्यावर पैसे आणि ‘नाही’ म्हटल्यावर शून्य, अशा अवस्थेतला माणूस तटस्थ म्हणता येत नाही, आणि त्याने दिलेले वॉरंट अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीत बसत नाही.

या निकालाला आधार होता पन्नास वर्षे जुन्या एका खटल्याचा. ओहायोत सिनसिनाटीजवळच्या नॉर्थ कॉलेज हिल या गावचा महापौर दारूबंदीच्या काळात स्वतःच न्यायनिवाडा करी. ट्यूमी नावाच्या आरोपीला त्याने १०० डॉलर दंड केला, आणि आरोपी दोषी ठरल्यामुळे खर्चापोटी १२ डॉलर महापौराच्या खिशात गेले. निर्दोष ठरला असता तर ते मिळाले नसते. १९२७ मध्ये मुख्य न्यायाधीश टाफ्ट यांनी तो निवाडा रद्द ठरवला. १२ डॉलर काय आणि ५ डॉलर काय, रक्कम क्षुल्लक आहे म्हणून चालू द्या, असा युक्तिवाद दोन्ही वेळी टिकला नाही.

वकील नसलेल्या न्यायाधीशांबाबत मात्र न्यायालय इतके कडक राहिले नाही. केंटकीतल्या लिंच या कोळशाच्या गावात खाणीत काम करणारा एक माणूस पोलिस कोर्टाचा न्यायाधीश होता. कायद्याचे कसलेच शिक्षण नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याने एकाला ३० दिवसांची कैद आणि १५० डॉलर दंड ठोठावला. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था चालवून घेतली, कारण आरोपीला वरच्या न्यायालयात वकील-न्यायाधीशापुढे सगळा खटला नव्याने चालवून घेण्याची सोय होती. जॉर्जियातही मॅजिस्ट्रेटच्या निकालावर अपील केले की दिवाणी दावा वर पहिल्यापासून ऐकला जातो. अडचण एवढीच की अपिलाला ३० दिवस असतात आणि झडती पाच मिनिटांत होते.

डोंबिवलीचे आजोबा

हे जे. पी. प्रकरण आमच्या पिढीला अगदीच अपरिचित नाही. मूळ इंग्लंडचे, १३६१ सालचे. मुंबईत १८३० च्या दशकात हिंदी माणसांना हा मान मिळू लागला आणि त्यांत नाना शंकरशेट होते. पुढे पुष्कळ वर्षे गिरगावातल्या पाट्यांवर नावामागे ‘जे. पी.’ लावण्याची हौस होती. आमच्या चाळीत एक विशेष कार्यकारी दंडाधिकारी होते; ते जेवत असले तरी मुले रहिवास दाखले घेऊन दारात उभी राहत, आणि ते डाव्या हाताने शिक्का उचलून ठेवत. सही उजव्या हाताने, हात धुतल्यावर. कागद वाचल्याशिवाय त्यांनी सही केलेली मी पाहिली नाही, मात्र घाई करणाऱ्या मुलाला ते मुद्दाम अर्धा तास बसवत.

टेनेसीच्या हद्दीवरून

ग्रंथपालसाहेबांनी वॉकर काउंटीचे सांगितले. तिथून पूर्वेला निघालो की मध्ये डाल्टनच्या गालिच्यांच्या कारखान्यांची व्हिटफिल्ड काउंटी लागते आणि तिच्यापलीकडे मरे काउंटी. धागाकर्त्यांचा जो प्रश्न आहे, काय वाचून सही करतो, त्याचे सर्वांत वाईट उत्तर तिथे मिळाले.

ब्रायंट कॉक्रन हे मरे काउंटीचे चीफ मॅजिस्ट्रेट होते. २०१२ मध्ये न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या राज्याच्या आयोगापुढे अशी बाब आली की कोऱ्या वॉरंटांवर आधीच सह्या करून ते पोलिसांसाठी ठेवून देत. म्हणजे ज्या कागदावर आरोपीचे नाव नाही, गुन्हा नाही, पुरावा नाही, त्यावर न्यायाधीशाची सही मात्र आहे. कॉक्रन यांनी राजीनामा दिला. त्याच काळात एका महिलेने जाहीर आरोप केला की तिच्या प्रकरणात मदत करण्याच्या मोबदल्यात त्यांनी शरीरसुखाची मागणी केली होती. थोड्याच दिवसांत त्या महिलेची गाडी अडवली गेली आणि गाडीखाली चुंबकाने चिकटवलेल्या डबीत मेथॲम्फेटामिन हे अमली द्रव्य ‘सापडले’. ते तिथे ठेवण्यात आले होते, हे पुढे उघड झाले आणि तिच्यावरील आरोप मागे घेतले गेले. २०१४ च्या अखेरीस फेडरल ज्युरीने कॉक्रन यांना दोषी ठरवले आणि २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली.

हे सांगण्याचा हेतू सगळ्याच मॅजिस्ट्रेटांना त्या माळेत ओवण्याचा नाही. मला कोऱ्या वॉरंटांचा भाग अधिक अस्वस्थ करतो, कारण डबीचा कट हा उघड गुन्हा आहे, तो कोणालाही गुन्हा म्हणून ओळखू येतो. कोरी सही मात्र सोयीच्या नावाखाली कुठेही शिरू शकते. रात्री झोपमोड नको, पोलिसांनाही खेटे नकोत. आपल्याकडे कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या घेणारे सावकार असत, इथे सही देणारा न्यायाधीश निघाला.

मारिएटाची वाचक

चर्चा एकाच बाजूला झुकते आहे, म्हणून दुसरे चित्र मांडते. आमच्या कॉब काउंटीत जॉयेट होम्स चीफ मॅजिस्ट्रेट होत्या. त्या वकील. २०१९ मध्ये राज्यपाल ब्रायन केम्प यांनी त्यांना काउंटीच्या जिल्हा सरकारी वकीलपदी नेमले. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या महिला आणि पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. पुढच्याच वर्षी, २०२० च्या मे महिन्यात, अहमद आर्बेरी या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाचे खून प्रकरण राज्याच्या ॲटर्नी जनरलनी त्यांच्याकडे सोपवले. आर्बेरीचा खून त्यांच्या काउंटीत झालाच नव्हता, तो खाली किनाऱ्यावरच्या ग्लिन काउंटीतला. आधीचे सरकारी वकील एकामागून एक बाजूला झाल्यामुळे तो शेकडो मैल वर पाठवावा लागला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मात्र होम्स निवडणूक हरल्या आणि फ्लिन ब्रॉडी निवडून आले. काउंटीचा कल रिपब्लिकनांकडून डेमोक्रॅटांकडे वळला होता आणि होम्स रिपब्लिकन होत्या.

म्हणजे चीफ मॅजिस्ट्रेटचे पद चढायची पायरीही असते, हे उमेदवार पारखताना विसरू नये. आणि हे पद मुदतीच्या मध्ये रिकामे झाले तर भरतात सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश, मतदार नव्हे. पुढच्या निवडणुकीत तो नेमलेला माणूस ‘विद्यमान’ म्हणून उभा राहतो, आणि विद्यमान म्हटले की निम्मे मतदार पुढे वाचत नाहीत. धागाकर्त्यांनी तर कुठेच खूण केली नव्हती, हे त्यांनीच कबूल केले आहे.

सोलापूरचा वकील

ताई, आपण सांगितलेला पराभव माझ्याच शंकेला बळ देतो. कामावरून निवड झाली असती तर गोष्ट वेगळी होती. प्रचारासाठी पैसा कोण देतो, हेही कोणी सांगितलेले नाही.

माजी ग्रंथपाल

वकीलसाहेब, पैशाबाबत एक निकाल आहे. फ्लोरिडात टँपा ज्या हिल्सबरो काउंटीत येते तिथे काउंटी न्यायाधीशपदाच्या उमेदवार लनेल विल्यम्स-युली यांनी वर्गणीसाठी स्वतःच्या सहीने पत्रे पाठवली. तिथल्या नियमाप्रमाणे न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने स्वतः पैसे मागायचे नसतात, त्याच्या प्रचार समितीने मागायचे असतात. जाहीर ताकीद मिळाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो नियम टिकला. देणाऱ्याची नावे उमेदवार पुढे पाहू शकतोच, त्यामुळे या नियमाने नेमके काय वाचले, असा प्रश्न मलाही पडतो. पण निदान पत्राखालची सही न्यायाधीशाची नाही.

उत्तर अटलांटाकर

गेल्या महिन्यात मी एक सकाळ रजा टाकून आमच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसलो. कामकाज खुले असते, कोणी विचारत नाही. घर रिकामे करण्याच्या दाव्यांचा दिवस होता.

नऊ वाजता क्लार्कने यादी पुकारायला सुरुवात केली. घरमालकांच्या बाजूने एक वकील आणि दोन एजन्सीचे प्रतिनिधी. तिघांकडे मिळून फायलींचा असा गठ्ठा की एकाने तो चाकांच्या पेटीतून ओढत आणला होता. भाडेकरूला नोटीस लागल्यापासून सात दिवसांत उत्तर द्यावे लागते. ज्यांनी दिले नव्हते त्यांची नावे या यादीत नव्हतीच. ज्यांनी उत्तर दिले पण आज आले नाहीत त्यांची नावे पुकारली जात, दोन क्षण शांतता, आणि कागद उजवीकडच्या ढिगात. जे आले होते त्यांना आधी व्हरांड्यात जाऊन समोरच्याशी बोलून पाहा असे सांगितले. एक बाई परिचारिकेच्या गणवेशात होती, बहुधा रात्रपाळी उरकून आलेली. तिचे म्हणणे इतकेच होते की शुक्रवारी पगार आहे.

व्हरांड्यातून परत येताना एजन्सीच्या माणसाने तडजोडीचा छापील कागद आणला, तिची सही त्यावर झालेली होती. न्यायाधीशबाईंनी तो हातात घेतला. माझ्या वेळी होत्या त्याच बाई. त्यांनी चष्मा खाली घेतला, कागद उलटून मागची बाजू पाहिली, आणि परिचारिकेला विचारले, ‘यात लिहिले आहे की एक हप्ता एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा सुनावणी न होता घर जाईल. हे तुम्हाला कोणी सांगितले होते का?’ ती काही बोलली नाही, तिने फक्त नकारार्थी मान हलवली. बाईंनी पेन खाली ठेवले आणि दोघांनाही पुन्हा व्हरांड्यात पाठवले.

मी अकरा वाजता निघालो तोवर ते दोघे बाहेरच उभे होते, आणि तो कागद अजून टेबलावर, सहीविना.